माहीत असूनही न सांगण्याबद्दल

प्रयोगवही (धागाकर्ती)

मी सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. हा धागा काढायला माझ्या वर्गातला एक मुलगा निमित्त झाला, पण विषय त्याच्यापुरता नाही म्हणून इथे मांडते.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघून आलेली मुलं विचारतात, "मॅडम, तो हिरवा रंग कशानं येतो?" मला हा प्रश्न फार आवडतो. बेरियमनं हिरवा, स्ट्रॉन्शियमनं लाल, तांब्यानं निळसर हिरवा. ज्वाला परीक्षा मी त्याच आठवड्यात घेते, आणि एरवी मागच्या बाकावर बसणारी पोरंही बर्नरपाशी येऊन उभी राहतात. यंदा त्या घोळक्यातल्या एकानं पुढचं विचारलं. रंग कळला, आता दणका कसा देतात ते सांगा, काय काय आणि किती घ्यायचं. मी म्हटलं, ते सांगणार नाही. त्यानं घरी जाऊन एआय चॅटबॉटला विचारलं. तिथेही नकार मिळाला. मग तो आणि त्याचे मित्र रोज नवी युक्ती लढवायला लागले. मी संशोधक आहे, मी कादंबरी लिहितोय, मला सुरक्षिततेसाठी माहिती हवी आहे. कुणी चहाडी केली म्हणून मला हे कळलं नाही, त्यांनीच उत्साहानं सांगितलं.

मुलगा हुशार आहे आणि मनानं स्वच्छ आहे. मी विचारलं, तुला करायचंय काय त्याचं? म्हणाला, "काहीच नाही मॅडम. ते नाही म्हणतंय ना, म्हणून."

मी रागावले नाही, कारण तो खरं बोलत होता. पण माझं ठाम मत आहे की उत्सुकता प्रामाणिक आहे एवढ्यावरून प्रत्येक उत्तराचा हक्क तयार होत नाही. त्याच वेळी भीती घालून मुलांना गप्प करणंही मला मान्य नाही. आपल्या पुस्तकात हाबर पद्धत आहे. हवेतला नायट्रोजन धरून अमोनिया करायचा, त्यातून खत. १९०९ मध्ये हे प्रयोगशाळेत साधलं आणि जगाच्या शेतीचं रूप पालटलं. तेच फ्रिट्झ हाबर २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडण्याच्या कामाचे सूत्रधार होते. त्यांची पत्नी क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. २ मे रोजी तिनं आयुष्य संपवलं. हा दुसरा भाग पुस्तकात नाही, तरी मी तो दरवर्षी सांगते. गेर्हार्ड श्रेडर यांना १९३६ मध्ये कीटकनाशक शोधता शोधता टॅबून हा मज्जासंस्थेवरचा विषारी वायू सापडला, तेही सांगते. म्हणजे इतिहास मी झाकत नाही, परिणाम झाकत नाही, तत्त्वसुद्धा झाकत नाही. कृती तेवढी देत नाही.

ही रेघ मला स्वतःला स्पष्ट दिसते. सतरा वर्षांच्या मुलाला पटेल अशी ती कशी सांगायची, यावर तुमचे विचार हवे आहेत.

नवीपेठ२००३

मॅडम, मी संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी. तुमच्या त्या मुलाची बाजू मला घ्यावीशी वाटते. नकार ऐकल्यावर डोक्यात जे सुरू होतं ते मला नीट माहीत आहे. त्यात विषयाचं महत्त्व जवळजवळ शून्य असतं. कुलूप उघडतं का एवढंच बघायचं असतं. आमच्या क्षेत्रात अर्धं शिक्षण असंच होतं, आणि चांगले सुरक्षातज्ज्ञ याच स्वभावातून घडतात.

माझा आक्षेप वेगळा आहे. एखादी गोष्ट तुम्ही नाही सांगितली तरी ती कुठेतरी असतेच. मग न सांगून नेमकं काय वाचलं? आणि काय सांगायचं नि काय नाही हे ठरवणार कोण?

निळी_शाई

शेवटचा प्रश्न मलाही विचारायचा आहे, पण माझी जागा वेगळी आहे.

"हे ज्ञान तुमच्यासाठी नाही" हे वाक्य माझ्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं. माझ्या पणजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि त्याचं कारण तिची बुद्धी नव्हतं. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-दगड आले. शाळेत मुळाक्षरं आणि गणित होतं, तरी लोकांना तेच घातक वाटलं. त्याआधी ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, हे आपण सगळे जाणतो. म्हणून कुणी निषिद्ध ज्ञानाबद्दल बोलू लागलं की मी आधी विचारते, निषिद्ध कुणी केलं आणि त्यात त्याचा फायदा काय होता?

मॅडम, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मुलांना "काही गोष्टी विचारायच्या नसतात" एवढंच शिकवलं तर उद्या ती कुठलीही बंदी मुकाट मान्य करतील. आपल्या गावानं १९३० मध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल बघितला आहे. सरकारला नको असलेली गोष्ट बोलणं हाच तेव्हा गुन्हा होता. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे गप्प बसले नाहीत म्हणूनच त्यांची नावं आज आपल्याला पाठ आहेत.

विजापूरवेस_अक्का

निळी शाई, तुमचं म्हणणं काळजाला भिडलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण पुराण-कीर्तनं ऐकत आयुष्य गेलं. त्यातलं आठवतं ते लिहिते.

कुंतीला दुर्वासांनी मंत्र दिला. मंत्राचं खरं काम पुढे लग्नानंतर होतं. पोर वयात आलेली, मंत्र हाती आहे तर खरा आहे का बघू म्हणून तिनं सूर्याला बोलावलं. वाईट हेतू कणभर नव्हता. सूर्य आला आणि म्हणाला, आता रिकाम्या हातानं जाता येणार नाही. त्या एका कुतूहलाची किंमत कुंतीनं मोजली हे खरं, पण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त कर्णानं मोजली, तीही जन्मभर. मंत्र म्हणून बघायला त्यानं सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अश्वत्थाम्याची. द्रोणांनी अर्जुनाला ब्रह्मशिर अस्त्र दिलं म्हटल्यावर यालाही ते हवंच होतं. बापानं मनाविरुद्ध दिलं. शेवटी दोघांची अस्त्रं समोरासमोर आली, तेव्हा ऋषींनी सांगितल्यावर अर्जुनानं आपलं मागे घेतलं. अश्वत्थाम्याला सोडता येत होतं, मागे घेता येत नव्हतं. मग त्यानं ते कुठे वळवलं? पांडवांच्या सुनेच्या पोटातल्या बाळावर.

आणि गार्गीही सांगायला हवी, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्यांना एकामागून एक विचारत गेली. ते म्हणाले, आता पुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती बसली. पण थोड्या वेळानं परत उठली आणि आधीपेक्षा मोठे दोन प्रश्न विचारले, आणि त्यांना उत्तर द्यावं लागलं. मला यातली गार्गी फार जवळची वाटते. नाही म्हटल्यावर ती घरी निघून गेली नाही आणि हट्टानं तेच तेच विचारत बसली नाही.

राखाडी_पडदा

मी बरेच दिवस इथे नुसता वाचतो. आज लिहावंसं वाटलं, कारण माहीत असून न सांगणं हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. मी सोनोग्राफी करतो.

आपल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात एक फलक असतो, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. सगळ्यांनी तो इतक्या वेळा बघितलाय की त्याचा अर्थ मनात उरत नाही. जरा थांबून बघा. या देशात एक माहिती आहे, जी यंत्राच्या पडद्यावर येते, डॉक्टरला दिसू शकते, ती ज्या बाळाबद्दल आहे त्याची आई दोन हातांच्या अंतरावर झोपलेली असते, आणि तिला ती देणं गुन्हा आहे. महाराष्ट्रानं असा कायदा देशात सर्वांत आधी केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही रीतीनं सांगायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. खुणांनी हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पेढा आणि बर्फी यांचाही संकेत करून लोकांनी धंदा केला होता.

हे तंत्र वाईट हेतूनं आलेलं नव्हतं. गर्भजलाची तपासणी सत्तरच्या दशकात भारतात आली ती जनुकीय दोष शोधायला. पुढे काय झालं ते जनगणनेत लिहिलेलं आहे. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४.

आता नवीपेठ, तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण खरोखर निष्पाप असतात. "डॉक्टर, आम्हाला काही करायचं नाही, नुसती उत्सुकता आहे." काही तर म्हणतात, आम्हाला मुलगीच हवी आहे, पाळण्याला कुठला रंग द्यायचा ते ठरवायचंय. मला ते खरं वाटतं. तरी मी सांगत नाही, आणि कारण नुसती कायद्याची भीती हे नाही. समजा मी चांगल्या लोकांना सांगायला लागलो. आनंद होईल अशांना सांगतो, बाकीच्यांपुढे गप्प राहतो. दोन महिन्यांत गावभर कळेल की हे डॉक्टर कधी बोलतात आणि कधी बोलत नाहीत. मग माझं गप्प राहणं हेच उत्तर होईल. ज्या बाईच्या सासूला मुलगी नको आहे, तिच्यापुढे मी गप्प राहिलो की सासूला कळलंच. माझ्या मौनाला काही किंमत राहायची असेल तर ते सगळ्यांपुढे सारखं असायला हवं, चांगल्या माणसापुढेसुद्धा. त्या चांगल्या माणसावर मी अविश्वास दाखवत नाही. त्याच्या थोड्या निराशेमुळे दुसऱ्या कुणाचं तरी रक्षण होतं.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही आपसातही फारशी बोलत नाही. मी तो भाग मुद्दाम बघत नाही. पोटावर फिरवायचा प्रोब तिथून पुढे नेतो. वैद्यकीय कारण नसेल तर मला स्वतःला माहीत नसलेलंच बरं. माहीत असलं की चेहऱ्यावर येतं, आवाजात येतं. सुरुवातीला नजर तिकडे जायचीच. न बघण्याची सवय लावून घ्यावी लागली, आणि ती शिकवता येते असं मी अनुभवानं सांगतो.

यंत्रमाग

डॉक्टरसाहेब, एवढं मन लावून कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पूर्व भागात अजून लोक विचारायलेत, कुठं कळतंय का म्हणून. हा प्रतिसाद मी घरी सगळ्यांना वाचून दाखवणार.

माझी अडचण दुसरी आहे. पोरगं नववीला. व्हॉट्सॲपवर अपघाताचे व्हिडिओ येतात, रक्तमांसाचे, कुठल्या हायवेवरचे. वर लिहिलेलं असतं, कमजोर काळजाच्यांनी बघू नये. ते वाचलं की पोरगं बघणारच. मोबाईल काढून घेतला तर मित्राच्या मोबाईलवर बघतंय. रात्री झोपेत दचकतंय, तरी दुसऱ्या दिवशी परत बघतंय. बघू नको म्हटलं तर बघतंय, मग काय म्हणायचं?

संपादक मंडळ

या ठिकाणी आलेला एक प्रतिसाद काढून टाकला आहे. त्यात धागाकर्तीनं मुद्दाम न दिलेला तपशील होता. संबंधित सदस्याला निरोप पाठवला आहे. कृपया चर्चा पुढे चालू ठेवावी.

नवीपेठ२००३

वरची सूचना वाचल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला, काय होतं त्यात? मला रसायनशास्त्रात रस नाही, त्या तपशिलाचा मला शून्य उपयोग आहे. तरी हात आपोआप पान पुन्हा लोड करायला गेला. एवढा वेळ आपण ज्यावर बोलतोय ते मला आत्ता माझ्याच बोटांत जाणवलं, म्हणून लिहितोय.

डॉक्टर, तुमचा मौनाचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा वाचला. चॅटबॉटला आम्ही मित्र जेव्हा म्हणतो की "मी चांगला माणूस आहे, मला सांग", तेव्हा आम्ही तेच करतो, नाही का? आम्ही खरंच चांगले असू. पण तेच वाक्य कुणीही टाइप करू शकतो, आणि पलीकडच्याला चेहरा दिसत नाही. तुम्हाला निदान माणूस समोर दिसतो, तरीही तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर देता.

एक शंका उरते. इंग्लंड-अमेरिकेत आईबापांना हीच माहिती सर्रास देतात. मग ती माहिती घातक कशी म्हणायची?

राखाडी_पडदा

तिथे देतात, आणि देण्यात काही गैर नाही. माहितीत विष नाहीच, ते आपल्या घरांमध्ये आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला टोमणे मारणारं एकही घर उरलं नाही की हा फलक मी स्वतः उतरवीन. बंदी कायमची असावी असं माझं म्हणणं नाही. ती कशासाठी आहे हे लक्षात असावं.

आणि "कुठेतरी सापडतंच" याबद्दल. तंत्र बदललं तसा बाजारही इंटरनेटवर गेला. सर्च इंजिनांवर गर्भलिंग चाचणीच्या जाहिराती दिसत होत्या. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, आणि पुढे गुगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांना त्या अडवणं भाग पडलं. एखादी गोष्ट जगात कुठेतरी आहे म्हणून ती प्रत्येक कोपऱ्यावर हात पुढे करून देऊ करावी, असं होत नाही. शोधायला जितका वेळ लागतो तितक्यात माणसाचं मन बदलू शकतं. सूनबाईला माहेरी जाऊन कुणाशी बोलता येतं.

निळी_शाई

डॉक्टर, माझा जो आक्षेप होता त्याचं उत्तर मला तुमच्या लिहिण्यात सापडलं, तुम्ही ते थेट दिलेलं नसूनही.

माझ्या पणजीला अक्षर नाकारलं तेव्हा त्या नकाराची किंमत कुणी दिली? पणजीनं. आणि फायदा नाकारणाऱ्याला झाला. तुम्ही गर्भाचं लिंग सांगायला नकार देता तेव्हा तुम्हाला काही मिळत नाही, उलट पेशंट दुसरीकडे जातो. आणि सांगितलं असतं तर किंमत त्या न जन्मलेल्या मुलीनं दिली असती, जिला सभेत बोलायला जागा नाही. दोन्हीकडे बंदीच आहे, पण एक बंदी मुलीच्या मानेवर पाय ठेवते आणि दुसरी तिच्या पुढ्यात उभी राहते. मी माझा प्रश्न आता असा विचारीन की बंदी उठली तर मरणार कोण, आणि बंदी राहिली तर मरणार कोण. अक्कांनी कर्णाचं म्हटलं तेही हेच.

मॅडम, त्या मुलाला हे सांगा. "विचारू नको" म्हणू नका. त्याला विचारू द्या की नकार देणाऱ्याला त्यातून काय मिळतंय.

मोकळं_बोला

मी समुपदेशक आहे. यंत्रमाग दादांना आधी उत्तर देते, कारण त्यांची गरज तातडीची आहे.

शिकागो विद्यापीठातले क्रिस्टोफर शी आणि त्यांचे सहकारी बोवेन रुआन यांनी २०१६ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावर दाबायची पेनं ठेवली. काही पेनं दाबली की बोटाला विजेचा झटका बसायचा. कुठलं झटका देणार आणि कुठलं नाही हे खुणेनं स्पष्ट होतं तेव्हा माणसं फारशी हात लावत नव्हती. ज्या पेनांबद्दल काहीच माहीत नव्हतं ती मात्र जास्त दाबली गेली. झटका बसू शकतो हे ठाऊक असून. मिळणार काहीच नव्हतं, फक्त कळणार होतं. दादा, तुमचा मुलगा विकृत नाही. "बघू नये" ही सूचना त्याच्यासाठी त्या खूण नसलेल्या पेनासारखी आहे.

या कामातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग पुढचा आहे. बघण्याआधी लोकांना विचारलं, हे बघितल्यावर तुम्हाला कसं वाटेल? नुसतं एवढं आधी मनात आणायला लावलं तरी बघणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. म्हणून मुलाशी भांडण न करता, शांत वेळी, जेवताना विचारा: मागचा व्हिडिओ बघून झाल्यावर रात्री कसं वाटलं होतं? पुढचा आला तर रात्री कसं वाटेल? उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या. आणि त्या व्हिडिओत दिसतो तो कुणाचा तरी बाप आहे, त्याच्या घरच्यांना हे फिरतंय हे कळलं तर काय होईल, हेही त्यालाच विचारा. झोपेतलं दचकणं थांबत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एक कडक गोष्टही सांगून ठेवते, कारण मुलं "नुसतं बघितलं तर काय होतं" असं म्हणतात. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्रण शोधणं आणि बघणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये या बाबतीत कसलीही पळवाट ठेवलेली नाही. तिथे प्रत्येक बघणाऱ्यामुळे त्या मुलावरचा अत्याचार पुन्हा घडतो.

न सांगून काय वाचतं, असं नवीपेठनं विचारलं होतं. व्हिएन्नात भुयारी रेल्वेखाली जीव देण्याच्या घटना ऐंशीच्या दशकात वाढल्या होत्या, आणि वर्तमानपत्रं त्या रंगवून छापत होती. १९८७ मध्ये पत्रकारांनी तपशील न देण्याचं ठरवलं. सहा महिन्यांत हे प्रकार सुमारे ८० टक्क्यांनी घटले. बातमी कुणी दडवली नव्हती, कसं केलं याचं वर्णन तेवढं थांबलं. आपल्याकडे प्रेस कौन्सिलनंही २०१९ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांना त्या एका अवघड रात्री फक्त थोडी अडचण हवी होती, आणि ती अडचण त्यांना मिळाली म्हणून ती आज बसून बोलतात.

सूक्ष्मदर्शी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूनं थोडं. इथे एकमत होत चाललंय, पण विज्ञानात ही रेघ ओढणं सोपं नाही हेही नोंदवायला हवं.

२०११ मध्ये नेदरलँड्सचे रॉन फुशिए आणि विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू बदलून तो फेरेट या प्राण्यांमध्ये हवेतून पसरू शकतो असं दाखवलं. त्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या जैवसुरक्षेवरच्या सल्लागार मंडळानं सांगितलं, निष्कर्ष छापा, तपशील छापू नका. जगभर वाद झाला. साथीवर नजर ठेवणाऱ्यांना हे बदल माहीत हवेत असं एक बाजू म्हणत होती, आणि ती चुकीची नव्हती. शेवटी २०१२ मध्ये दोन्ही निबंध प्रसिद्ध झाले. आजही जाणकारांत यावर मतभेद आहेत. त्याआधी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला जनुक जोडणीचे प्रयोग करणारे शास्त्रज्ञ स्वतःहून थांबून एकत्र बसले होते, नियम ठरेपर्यंत. बाहेरून कुणी लादलं नव्हतं. नवीपेठ विचारतो ठरवणार कोण, तर माझं उत्तर असं की ज्याला ते सर्वांत चांगलं कळतं त्यानं सर्वांत आधी थांबावं, आणि मग इतरांना बोलावून ठरवावं. एकट्यानं नाही.

किंमत कोण मोजतो यावर एक नाव सांगतो. देवीचा रोग निसर्गात संपला तो १९७७ मध्ये. त्यानंतर १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॅनेट पार्कर या छायाचित्रकार बाईंना देवी झाल्या आणि त्यात त्या गेल्या. खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन चालू होतं. त्या संशोधनाशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्या फक्त वरच्या मजल्यावर काम करत होत्या.

काळी_माती

मंगळवेढ्याकडचा शेतकरी आहे. एक प्रकार कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. काही बंद पेटाऱ्यांत काहीच नसतं. गुप्तधनाची पोथी, करणीचा मंत्र, "हे कुणाला सांगू नका, सांगितलं तर अनर्थ होईल." लोक जमीन विकून त्यापायी फिरलेले मी बघितलेत. ते ज्ञान फक्त कुलपावर विकलं जातं. पेटी उघडून चारचौघांत दाखवली की धंदा बंद. म्हणून तिथे मी उलट म्हणतो, विचारा, ओरडून विचारा, सगळ्यांसमोर विचारा. डॉ. दाभोलकरांनी तेच केलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना मारलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला.

डॉक्टर न सांगण्याचं कारण फलकावर लिहून लावतात. भगत कारण विचारलं की अंगावर येतो. आम्हा साध्या माणसांना एवढी खूण पुरते.

यंत्रमाग

ताई, काल रात्री जेवताना विचारलं पोराला. आधी काही बोललं नाही. मग म्हणालं, डोळे मिटले की त्या माणसाची चप्पल दिसते, रस्त्यावर पडलेली. मग बराच वेळ बोललं. ग्रुपमधून स्वतःच बाहेर पडतो म्हणालं, मी सांगितलं नव्हतं. मित्र चिडवतील याची भीती वाटायली त्याला. त्याचं काय करायचं ते सांगा.

मोकळं_बोला

दादा, त्याच्या मित्रांपैकी निदान एकजण हेच सोसत असणार आणि बोलत नसणार. तो मित्र कोण असेल ते मुलाला ओळखता येईल. दोघं मिळून बाहेर पडले तर चिडवणं निम्मं होतं. चिडवलंच तर घरी येऊन सांगायची मुभा आहे, एवढं त्याला कळू द्या. आणि तो जे बोलला ते ऐकताना तुम्ही मध्ये उपदेश केला नाहीत, हे फार चांगलं केलंत.

प्रयोगवही

सगळ्यांचे आभार मानते. काळी माती, तुमची खूण मी वर्गात जशीच्या तशी वापरणार आहे. जो नकार देतो तो कारण सांगतो का?

त्या मुलाला मी हा धागा वाचायला दिला. त्यानं डॉक्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे ते मला नाही म्हणत नव्हतं, सगळ्यांना म्हणत होतं?" मी म्हटलं, हो. मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला, जो मला आवडला. ईप्रला तो वायू ज्यांच्यावर सोडला त्यांना त्या वेळी काय कळत होतं, त्यांच्यासाठी कुणी काही शोधलं का? यावर मुखवट्यांचा, वायू शोषणाऱ्या कोळशाचा सगळा इतिहास आहे, आणि त्यातलं सारं रसायनशास्त्र मी त्याला मोकळेपणानं शिकवू शकते. तो आता त्यावर टिपण काढतोय. भारतानं १९९३ मध्ये रासायनिक अस्त्रबंदीच्या करारावर सही केली आणि आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला, हेही त्यानं शोधून काढलं.

प्राचार्यांशी बोलले आहे. येत्या शनिवारी सकाळी प्रात्यक्षिकाच्या दोन तासिका मिळाल्या आहेत. सुरुवात भिडेवाड्यापासून करणार आहे, निळी शाई, तुमचं ऐकूनच. नाकारलेल्या अक्षरांची गोष्ट मुलांना आधी कळली नाही तर पुढची गोष्ट त्यांना हुकूम वाटेल. मग हाबर, मग सूक्ष्मदर्शींचं बर्ड फ्लूचं प्रकरण, तेही दोन्ही बाजूंनी, निकाल न देता. शेवटचा अर्धा तास मुलांच्या चिठ्ठ्यांवरच्या प्रश्नांसाठी. ज्याचं उत्तर देणार नाही त्याचं कारण देणार.

राखाडी पडदा, तुम्ही यायला तयार असाल तर मला निरोपात कळवा. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीला जो एफ फॉर्म भरावा लागतो त्याचा कोरा नमुना आणता आला तर आणा. आमच्या वर्गात निम्म्या मुली आहेत, तो कागद त्यांनी हातात घेऊन वाचावा असं मला वाटतं.

राखाडी_पडदा

येतो. कोऱ्या प्रती भरपूर आणतो. मुलांइतक्याच मुलांच्या आयांनाही बोलावता आलं तर बघा.